जावेची जन्मतारीख

सरपंच सगुणाबाईंचा जीव एकाच गोष्टीनं जळायचा. कुठं हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्यांच्या जावेला, मैनेला म्हणायच्या, "तुमचं वय काही दिसतच नाही बाई!" मैना स्वतःला पस्तिशीची सांगे. ती थाप आहे हे सगुणाबाईंना ठाऊक होतं, पण पुरावा नव्हता.

दोघींचं माहेर गावातलंच, म्हणजे पुरावा पंचायतीच्या जन्मनोंदींच्या कपाटात. एक दिवस सगुणाबाई बाकावर बसलेल्या बायकांकडे न बघता तरातरा आत शिरल्या.

"काढा त्या मैनीची नोंद!"

ग्रामसेविका शेवंताबाई म्हणाल्या, "ज्याची नोंद त्यालाच दाखवते मी."

"मला नियम शिकवता? उद्या बदली करीन!"

शेवंताबाईंची लेक इथंच दहावीला होती. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "मग नोंद दाखवा, असं लेखी द्या."

सगुणाबाईंनी खसाखसा लिहिलं, 'घरच्या माणसाची नोंद घरच्यांनी मागितल्यास दाखवावी.' खाली सही ठोकली.

शेवंताबाईंनी कागद वाचला, किल्ली उचलली आणि दाराकडे हाक मारली, "मैनाताई, या आत! तीन आठवडे तुम्हाला परत पाठवत होते. आता हुकूम झालाय. दाखवते सरपंचबाईंची नोंद."

बाहेर बांगड्या वाजल्या. पंधरा वर्षं बेचाळिशीतच बसलेल्या सगुणाबाईंनी झडप घालून कागद टराटरा फाडला.

"कुणाची नोंद कुणाला दाखवायची नाही! सांगून ठेवते!"

शेवंताबाईंनी दुसरा कोरा कागद पुढं सरकवला. "हेही लेखी द्या. भिंतीवर लावते."