निवळखिंडीतला अर्धा कोरलेला दगड

जरा या बाजूला उभे राहा. इथून मैदान नीट दिसतं, आणि तो दगडही. दगडावर काय लिहिलंय ते वाचून तुम्ही एकमेकांकडे बघताय, ते मी पाहिलं. ‘या खेळाचा उगम’ एवढीच अक्षरं आहेत. पुढं कोरा. कारागीर पळून गेला नाही आणि पैसेही संपले नाहीत. का थांबलं ते सांगतो. सांगता सांगता मी मध्येच स्वतःलाच खोडून काढीन, ते सांभाळून घ्या. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळं कुठलीही गोष्ट सरळ सांगण्याची सवय गेली.

मैदान बघा. अर्धं उघडा काळा खडक, अर्धं तांबडी माती. इथं अर्धकाठी खेळतात. खेळणाऱ्याच्या उजव्या हातात हातभर काठीचा तुकडा असतो, डावा हात मोकळा. काठीनं वार अडवायचा, मोकळ्या हातानं कुस्तीची पकड घालायची. एक पाय खडकावर, एक मातीत. दोन्ही पाय एकाच बाजूला गेले की तो बाद. असा खेळ मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही. म्हणजे नसेलच असं नाही. मी पाहिलेला नाही.

मैदानाच्या कडेला, त्या उंबराखाली, झरा आहे. वैशाखात त्याची धार करंगळीएवढी होते. पण आटत नाही, असं सांगतात.

वर डोंगरमाथ्यावर दिसते ती वरची वाडी, मेंढपाळांची. खाली ओढ्याकाठी खालची आळी. तीही मंडळी मूळची वरचीच, शेती धरून खाली उतरलेली. दोन्हीकडे आजही सोयरीक होते. माझी आई वरची, वडील खालचे. म्हणून दोन्ही बाजू मला आपला म्हणतात आणि दोन्ही बाजूंचा माझ्यावर थोडा संशय असतो.

तर फार पूर्वी, म्हणे, एका उन्हाळ्यात हा झरा अगदी बारीक झाला. वरच्यांना मेंढरांसाठी पाणी हवं, खालच्यांना गुरांसाठी. दोघांना पुरेल एवढं नव्हतं. शेवटी ठरलं, दोन्हीकडून एकेक गडी उतरेल. जो जिंकेल त्याच्या वस्तीचं पाणी. हरणाऱ्यानं मेंढरं किंवा गुरं घेऊन देशोधडीला लागायचं.

वरून आला म्हाकू. लांब काठी फिरवायला लागला की त्याच्याजवळ पाखरू फिरकत नसे. खालून आला शिदा, कुस्तीत पाठीला माती न लागलेला. आणि घोटाळा असा की म्हाकूची सख्खी बहीण सगुणा ही शिदाची बायको. कोणीही पडला तरी तिचंच जाणार होतं. भाऊ तरी, नाहीतर दाराशी बांधलेली गुरं आणि घर तरी.

दोघे समोरासमोर आले आणि थांबले. काठीवाल्याला पाय रोवायला खडक हवा, मातीत त्याचा पाय फसतो. कुस्तीवाल्याला माती हवी, खडकावर पडला तर हाडं मोडतील. म्हाकू खडक सोडेना, शिदा माती सोडेना. सकाळ गेली. दोघे सीमेवर उभे राहून नुसत्या शिव्या देत होते.

“ये की हिकडं! मातीत लोळून लोळून उभं ऱ्हायचं इसरलास काय?”

“तूच ये, मेव्हण्या! मेंढरं हाकायची काठी ती, माणसाला बघून थरथरायला लागली का?”

दोन्हीकडचे लोक त्यात भर घालत होते. ऊन चढलं. पाण्याला कोणी हात लावायचा नाही असा करार होता, त्यामुळं पोरं रडायला लागली, मेंढरं ओरडायला लागली. तेव्हा सगुणा घागर घेऊन उठली आणि भाऊ व नवरा यांच्या मधून झऱ्याकडे चालू लागली.

आता इथंच गोष्टीला दोन फाटे फुटतात.

वरचे म्हणतात, म्हाकूनं नेमकी तेव्हाच काठी फिरवली होती. बहीण मध्ये आलेली दिसताच त्यानं ती वळवून खडकावर आपटली. काठी मोडली, अर्धी उडून शिदाच्या पायाशी पडली. म्हणजे काठीवाल्यानं बहिणीसाठी आपलं शस्त्र मोडलं आणि त्यातून खेळ निघाला. खालचे म्हणतात, कसलं काय! काठी सगुणेवर येतेय हे पाहून शिदानं मातीतून खडकावर उडी घेतली आणि काठी दोन्ही हातांनी धरली. दोघांच्या ओढाताणीत ती मोडली. म्हणजे कुस्तीवाल्यानं बायकोसाठी आपली माती सोडली आणि त्यातून खेळ निघाला. घाटावरून आलेल्या कुणा परक्या शिपायानं हा खेळ शिकवला असंही एक मत आहे. ते दोन्हीकडच्यांना सारखंच नावडतं, म्हणून मी ते हळू आवाजात सांगतो.

पुढचं मात्र दोघे सारखंच सांगतात. प्रत्येकाच्या हातात अर्धी काठी राहिली. एक पाय खडकावर, एक मातीत ठेवून ते भिडले. दोन्हीकडचे पुरुष असे गुंगले की कोणाचंही झऱ्याकडे लक्ष राहिलं नाही. सगुणेनं घागर भरली आणि वरच्या वाडीतल्या आपल्या भावजयीला खुणेनं बोलावलं. मग तिची शेजारीण आली. मग खालच्या बायका आल्या. कोणी कोणाला अडवलं नाही. करंगळीएवढ्या धारेखाली एकेक भांडं लागत गेलं, आणि म्हणे, शेवटचं भांडं भरेपर्यंत धार तुटली नाही. तेव्हा सगुणा मोठ्यानं ओरडली, “भरलं!”

दोघे दमून बसले होते. तिनं विचारलं, “कोण जिंकलं?”

म्हाकू म्हणाला, “मी.” शिदा म्हणाला, “मी.”

“मग अजून ठरलं न्हाई,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा खेळा.”

पाऊस येईपर्यंत ते रोज खेळले, असं सांगतात. कोणाला गाव सोडावं लागलं नाही.

गोष्ट इतकी नेटकी बसते की मला तिचा संशय येतो. खेळाचे नियम आधी आणि गोष्ट मागाहून, असंही असेल. मी पकडी तपासल्या, काठी धरण्याची पद्धत तपासली, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना तेच तेच विचारून बेजार केलं. एखाद्या वर्षी वाटायचं काठी आधीची. मग कोणीतरी एखादा पेच दाखवायचा आणि मी पुन्हा मातीत.

गेल्या वर्षी एक संस्था आली. खेळाला मान्यता मिळवून देतो म्हणाली, मैदानाला कुंपण घालून देतो, फक्त उगम एकाच्या नावावर हवा. ज्यांचा उगम, त्यांच्या मंडळाकडे मैदान. दोन्हीकडून माणसं माझ्याकडे आली. वरचे धुळा बापू म्हणाले, “सर, आईच्या दुधाला जागा.” खालचे कोंडीबा तात्या म्हणाले, “सर, बापाचं आडनाव लावता न्हवं?” शेवटी दोघांनी ठरवलं की अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, खेळाआधी, मी निर्णय द्यायचा आणि तो सगळ्यांनी मानायचा. मला झोप लागेनाशी झाली.

त्या दिवशी सगळे जमले. दगड आणला होता, कारागिरानं पहिले शब्द कोरून छिन्नी धरून ठेवली होती. इथला रिवाज असा की खेळाआधी दोन्ही बाजू आपापली गोष्ट ओरडून सांगतात, एकमेकांना टोमणे मारतात. भांडण तापलं की गडी उतरतात, आणि गडी उतरले की बायका झऱ्यावर भांडी लावतात. शेवटच्या भांड्याला “भरलं!” अशी हाक येते, तेव्हाच डाव सुटतो. पण त्या दिवशी निर्णय व्हायचा म्हणून कोणी भांडतच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बायका रिकामे हंडे घेऊन उंबराखाली उभ्या होत्या. निवळखिंडीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी घसा साफ केला. तेवढ्यात वरच्या वाडीच्या हौसाबाईंनी हंडा कमरेवर घेतला. “सर, तुमी आता सांगनार. मग भांडान मिटनार. खरं का न्हाई?”

“हो,” मी म्हटलं.

“मग पानी कुनाचं?”

इतक्या बैठका झाल्या, कुंपण कुठून कुठं जाणार याचा नकाशा झाला, आणि झरा त्या कुंपणाच्या आत येतो हे कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मीही नाही. धुळा बापूंनी झऱ्याकडे पाहिलं, मग कोंडीबा तात्यांकडे. तात्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

बापूंनी फेटा सावरला. “काठी आमच्या म्हाकूनं मोडली,” ते एकदम ओरडले.

तात्यांनी मान वर केली. मग त्यांचा आवाज चढला. “तुझ्या म्हाकूनं? त्याला चुलीतली काटकी तरी मोडता येत व्हती का रं?”

दोन्हीकडून गलका उठला. गडी धावत मैदानात उतरले. उंबराखाली हौसाबाईंनी वाकून पहिला हंडा लावला आणि त्यांच्यामागं खालच्या आळीतल्या एकीनं आपला. मला कोणीही काही विचारलं नाही. त्या दिवशी मी काय सांगणार होतो ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि आता तेच बरोबर होतं का याची मलाही खात्री नाही.

संस्था पुन्हा आली नाही. तिनं कुंपणासाठी आणून टाकलेले खांब वरच्यांनी मेंढवाड्याला आणि खालच्यांनी गोठ्याला लावले. ते कोणाचे यावरही वाद आहे.

आजही दगड तसाच आहे. आता उन्हं कलायला लागलीत, लोक जमतील. वरचा कोणी तुम्हाला बाजूला घेऊन म्हाकूची गोष्ट सांगेल, खालचा शिदाची. दोघंही विचारतील, खरं कुणाचं वाटतं? शहरातल्या माणसांना पटकन उत्तर द्यायची सवय असते, म्हणून विनंती करतो. ठरवू नका. निदान उंबराखालून हाक येईपर्यंत तरी.