शपथेच्या घाटावरचा ठसका

पूर्वी शुभावती नगरीत रत्नबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. विनयदत्त असे त्याचे नाव. राजा लहान असताना त्याला अक्षरे गिरवायला शिकवली ती यानेच, आणि आता केस पांढरे झाल्यावर तो त्याच राजाच्या सिंहासनाशेजारी बसत असे. राजा त्याला मान देई, सल्लाही विचारी. ऐके मात्र क्वचितच. राजेलोकांचे असेच असते असे म्हणून विनयदत्त ते मनाला लावून घेत नसे.

रत्नबाहू काही दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. त्याच्या वडिलांना वाड्याच्या पहारेकऱ्यांनीच दगा दिला होता. त्यांनी आतून दार उघडले आणि मारेकरी आत आले. तेव्हापासून राजाला गाढ झोप अशी लागलीच नव्हती. सेवकाने पाण्याचा पेला आणला तरी तो आधी त्याच्या डोळ्यांत पाही आणि मग पेल्याकडे. अखेर त्याला एक उपाय सुचला. शुभावतीत सैनिकांना नदीच्या घाटावर राजनिष्ठेची शपथ देण्याची जुनी चाल होती. राजाने ठरवले, की यापुढे ती नगरातल्या प्रत्येक मुलामुलीने घ्यायची, आणि तीही वयात येण्याआधी.

“थोरांची मनं पक्की होऊन बसलेली असतात, अमात्य,” तो म्हणाला. “मुलांची अजून व्हायची आहेत. तेवढ्यातच ती आपली करून घ्यायची.”

विनयदत्त म्हणाला, “महाराज, ज्यानं अजून काही पाहिलं नाही, त्याच्याकडून जन्मभराचा शब्द घेतला तर तो त्याचा शब्द कसा म्हणायचा? तो आपलाच. फक्त त्याच्या तोंडून आलेला.”

“आपलाच असला तर उत्तमच की!” राजा हसला, आणि विषय तिथेच संपला. विनयदत्ताने पुढे ताणले नाही. सभेत इतरही शहाणी माणसे होती, पण तीही मूग गिळून बसली.

त्या शपथेची रीत अशी होती. घाटाच्या मधल्या पायरीवर एक काळी चपटी शिला होती. अमात्याने तिच्यावर उभे राहायचे आणि शपथेचे तुकडे एकेक करून उच्चारायचे. खाली कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्यांनी ते जसेच्या तसे म्हणायचे. नगररक्षकांनी आळीआळीतून फिरून मुलांना ताकीद दिली, की शिलेवरून जे ऐकू येईल तेच बोला, कमी नाही, जास्त नाही. जो चुकेल त्याचे अख्खे घर सीमेपार होईल. आयांची पाचावर धारण बसली. चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर, जिथे सापडेल तिथे त्या पोरांकडून सराव करून घेऊ लागल्या. आईने काहीही म्हणावे आणि पोराने ते म्हणून दाखवावे. शेवटी शेवटी तर “जेवायला ये” अशी हाक मारली, तरी घरातून “जेवायला ये” असेच उत्तर येऊ लागले.

शपथेचा दिवस उजाडला. नगारे वाजले, होम पेटला, राजा छत्राखाली येऊन बसला. पाण्यात मुलांच्या रांगा उभ्या राहिल्या. काही जण थंडीने कुडकुडत होते, काही भीतीने. विनयदत्त शिलेवर चढला. इतकी लहान तोंडे वर करून आपल्याकडे पाहत आहेत हे बघून त्याला मनातून लाज वाटली. पण राजाचे डोळे त्याच्यावर होते. त्याने सुरुवात केली.

“राजाची इच्छा तीच माझी इच्छा.”

“राजाची इच्छा तीच माझी इच्छा!” घाट दुमदुमला.

“राजाची आज्ञा होताच…”

“राजाची आज्ञा होताच!”

एवढ्यात वारा फिरला आणि होमाचा धूर थेट म्हाताऱ्याच्या घशात गेला. त्याला असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आले, श्वास अडकला. कसाबसा तो म्हणाला, “अरे… पाणी आणा कुणीतरी!”

आणि शेकडो कोवळे आवाज एका सुरात गर्जले, “अरे पाणी आणा कुणीतरी!”

कोणीही हसले नाही. कोणी हललेही नाही. घाटावरचे पुरोहित आणि सैनिक शपथेत विघ्न नको म्हणून खांबासारखे उभे राहिले. विनयदत्त खोकत खोकत गुडघ्यांवर आला. तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी पाण्यातून धडपडत बाहेर निघाली. ती कुमुदा, नावाड्याची मुलगी. पायऱ्यांवरच्या पाणपोईतून तिने द्रोण भरला, धावत वर आली आणि म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत तो त्याच्या ओठांना लावला.

“हळू घ्या, आजोबा. हळू.”

ठसका थांबला. पण तोवर नगररक्षकाने मुलीचा दंड पकडला होता. हिने रांग मोडली होती, शिलेवरचे शब्दही म्हटले नव्हते. पलीकडून तिचा बाप धावत आला आणि राजापुढे लोटांगण घालून रडू लागला. त्याची नाव, त्याची झोपडी, त्याची म्हातारी आई, सगळे आता सीमेपार जाणार होते.

राजाने मुलीला पुढे बोलावले. “बाकीच्यांनी शब्द उच्चारले. तू का नाही उच्चारलेस?”

“म्हणणारच होते, महाराज,” कुमुदा म्हणाली. तिचे दात वाजत होते. “पण सगळेच म्हणत बसलो असतो, तर पाणी कुणी आणलं असतं?”

राजालाही ते उत्तर आवडले असावे. पण त्याने छत्राखालून घाटाकडे पाहिले, इतक्या डोक्यांकडे पाहिले, आणि जुनी भीती पुन्हा त्याच्या मानगुटीवर बसली. आज एकीला सोडले तर उद्या कोण कोणाचे ऐकणार?

“नियम तो नियम,” तो म्हणाला. “अमात्य, शिक्षा उच्चारा.”

विनयदत्त शिलेवर उठून उभा राहिला. त्या क्षणी त्याला आपले पद दिसले, आपले घर, आपली मुलेनातवंडे दिसली. सभेत आपण एकदाच बोललो आणि मग गप्प बसलो, हेही आठवले. त्याच्या घशात अजून पाण्याचा गारवा होता. तो मोठ्याने म्हणाला,

“महाराज, मी ही आज्ञा पाळणार नाही.”

आणि खाली पाण्यातून, महिनाभर घोकलेल्या त्या सगळ्या मुलांनी, एक अक्षरही न चुकता, छाती भरून म्हटले,

“महाराज, मी ही आज्ञा पाळणार नाही!”

नगारे बंद पडले. आयांनी तोंडावर पदर धरले. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. सैनिकांचे हात मुठींवर गेले खरे, पण एवढ्या पोरांवर तलवार उपसायची तरी कशी, हे त्यांना कळेना.

विनयदत्त आधी शिलेवरून खाली उतरला, आणि मगच पुढचे बोलला. राजाजवळ जाऊन, लहानपणी अक्षर चुकल्यावर बोलत असे तसा, हलक्या आवाजात.

“माझं वाक्य माझं होतं, महाराज. त्याची शिक्षा मी भोगीन. मुलांचं त्यात काही नाही. आधीचंही त्यांचं नव्हतं, आत्ताचंही नाही. तुमच्या वडिलांना दगा देणारे पहारेकरी आठवा. त्यांना याच शिलेवरून शपथ मीच दिली होती. एकाचाही उच्चार चुकला नव्हता.”

राजा सिंहासनावरून उठला आणि खालच्या पायरीवर मटकन बसला. मग त्याने मुलांना पाण्याबाहेर यायला सांगितले, आणि नावाड्याला उठवून त्याच्या मुलीचा हात त्याच्या हातात दिला.

त्या दिवसापासून शुभावतीत कोणा मुलाकडून शपथ घेतली गेली नाही. विनयदत्त अमात्यपदाची मुद्रिका काढून देऊ लागला, ती राजाने परत त्याच्या बोटात घातली. पुढे शेजारच्या राजाने सीमेवर सैन्य आणले. तेव्हा रत्नबाहू घाटावर जमलेल्या सैनिकांपुढे एकटाच आला. शत्रू किती आहे, आपले बळ किती कमी आहे, यातले काहीच त्याने लपवले नाही. “ज्याला घरी जायचं असेल त्यानं जावं,” तो म्हणाला. “मी नावं विचारणार नाही.” त्यावर बरेच जण खाली मान घालून निघून गेले. ते जाताना राजाने त्यांच्याकडे पाठ केली, त्यांना लाज वाटू नये म्हणून. जे उरले ते वेस धरून उभे राहिले, आणि वेस पडली नाही. त्या युद्धाच्या ऐन धामधुमीत, वेशीच्या आत, राजाला वडील गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागली. पहाऱ्यावर कोण आहे हे त्याने विचारलेसुद्धा नव्हते.

ही कथा सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, त्यांना म्हणाले, “आज सकाळी आपल्या मुलाला दंडाला धरून इथे आणणारे, ‘याच्याकडून आत्ताच जन्मभराचं वचन घ्या’ म्हणणारे हे गृहस्थ तेव्हा राजा रत्नबाहू होते. आजारी भिक्षूंच्या उशाशी बसणारी आपली ती वृद्ध भिक्षुणी तेव्हा नावाड्याची कुमुदा होती. अमात्य विनयदत्त मी स्वतः होतो.”

भिक्षू नेहमीप्रमाणे माना डोलावू लागले.

“आणि पाण्यात उभी असलेली ती सगळी मुलं,” शास्ता शांतपणे म्हणाले, “म्हणजे तुम्ही.”

डोलणाऱ्या माना थांबल्या. गृहस्थाने मुलाचा दंड सोडला. जे मनात तेच ओठांवर आणण्याची आणि दुसऱ्याच्या ओठांवर आपले शब्द न लादण्याची ही जी परिपूर्णता, तिला सत्यपारमिता म्हणतात.