ढोलीबाहेरचं रान

फार जुनी गोष्ट. सह्याद्रीच्या रानात धनेशाचं एक पिल्लू ढोलीत वाढत होतं. ढोलीच्या फटीतून दिसणारी झाडं त्याला तोंडपाठ होती. "मला सगळं रान येतं," असं ते ऐटीत म्हणायचं.

पंखांत बळ आल्यावर आई त्याला डोंगरापलीकडं घेऊन गेली. तिथं उघडा माळ होता. पिल्लू दमलं, पण टेकायला एक फांदी नव्हती. तापल्या खडकावर उतरून ते रागावलं, "हे तू कधी शिकवलंच नाहीस."

"ढोलीत बसून कसं शिकवणार?" आई म्हणाली आणि तिनं खाल्लेल्या जांभळाची बी मातीत टाकली.

"याची फांदी कधी होईल?"

"तुझं पिल्लू इथं दमेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी पोटभर जांभळं खाऊन पिल्लू एकटंच माळाकडं उडालं.