अस्वल राजवाड्यात गेलं

खूप खूप वर्षांपूर्वी एका राजाच्या नगरात सगळी घरं मातीची आणि एकसारखी होती. गल्ल्याही इतक्या सारख्या, की पाहुणा तर सोडाच, जावईसुद्धा वाट चुकायचा.

त्या नगरात एक चितारीण राहायची. कोळसा, गेरू आणि हळद घेऊन ती भिंतींवर चित्रं काढायची. कुणी हाकललं, की पुढच्या भिंतीकडे जायची. हळूहळू लोकांना तिच्या चित्रांची सवय झाली. "दोन बगळ्यांपाशी डावीकडे वळा," असा ते रस्ता सांगू लागले. सुईणीच्या भिंतीवर एक झोपलेलं अस्वल होतं. लांबच्या वस्त्यांवरच्या बायका तिचं घर त्यावरूनच ओळखायच्या.

एकदा राजाने ते अस्वल पाहिलं आणि चितारिणीला बोलावणं धाडलं. तिने राजवाड्याच्या चित्रदालनात चित्रं काढावीत, असं ठरलं. प्रधानाने एकच अट घातली. "रस्त्यावरची चित्रं पुसून टाक. येता-जाता दिसतं ते बघायला इथे कोण येईल?"

चितारिणीचा जीव खालीवर झाला. पण उन्हात उभं राहून तिचे पाय दुखायचे, आणि आजवर तिला कुणी 'ये, बस' म्हटलं नव्हतं. तिने चुन्याची बादली उचलली.

सुईण दारात उभी राहून बघत होती. "अस्वल पुसलंस. आता लोकांनी मला शोधायचं कसं?"

"विचारतील की, मावशी."

"घाबरलेल्या माणसाला धड विचारता आलं, तर बरंच आहे," सुईण म्हणाली. मग हसली. "जा, मोठी हो."

राजवाड्यात चितारिणीने रेशमी कापडावर तेच अस्वल रंगवलं, पहिल्यापेक्षा देखणं. पाहुणे माना डोलवायचे. तिला फार बरं वाटायचं.

एका दुपारी एक माणूस धापा टाकत दालनात शिरला. त्याच्या पायात वहाणाही नव्हत्या. अस्वलासमोर येऊन तो थांबला आणि त्याला रडूच फुटलं.

चितारिणीने हळूच विचारलं, "इतकं आवडलं?"

"आवडायचं काय त्यात? सासूबाई म्हणाल्या, अस्वलापाशी सुईण राहते. वाटेत विचारलं, तर लोक म्हणाले, अस्वल राजवाड्यात गेलं. म्हणून इथे आलो. सुईण कुठाय? बायको बाहेर गाडीत कळा देतेय."

चितारीण पुढचं ऐकायला थांबली नाही. बैलांचा कासरा धरून ती गाडीपुढे धावत सुटली.

बाळ जन्मलं ते निळं पडलेलं. सुईणीने त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने ते रडलं. तोवर चितारीण पांढऱ्या भिंतीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती राजाला म्हणाली, "महाराज, मी इथे चित्रं काढीन, पण भिंतींवरचीही पुन्हा काढीन. चालणार नसेल, तर मी जाते."

"मग इथे येणार कोण?" प्रधानाने विचारलं.

"कोणी येवो न येवो," राजा म्हणाला. "सुईण शोधायला मात्र इथे कुणाला यावं लागू नये."

त्यानंतर चित्रदालनातली गर्दी खरोखरच थोडी ओसरली. चितारिणीला त्याचं वाईटही वाटलं. पण त्या वर्षी सुईणीच्या दारी पोचायला कुणालाच उशीर झाला नाही.

लहानांनी आणि थोरांनीही ध्यानात ठेवावं ते एवढंच: मानाची जागा मिळाली तर जरूर घ्यावी, पण आपल्या भरवशावर चालणाऱ्यांची वाट पुसून ती घेऊ नये.