धाकलू सुताराची माची

समुद्रावर आगबोटी दिसायच्याही आधीची गोष्ट. पोफळवणे गावात धाकलू सुतार राहायचा. हात सोन्याचा, पण नशीब फुटकं! त्यानं बागेत बांधलेली फळ्यांची माची एकदा भर साखरपुड्यात कलली आणि वरमाय थेट पाटाच्या पाण्यात बसली. सोयरीक मोडली. तेव्हापासून त्याच्या कामावर कोणी पाय ठेवीना.

पुढे त्याच्याच लेकीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. डोंगरउतारावरचं गाव, सपाट जागा काय ती पोफळीच्या बागेत. नवऱ्यामुलाचा मामा तर महाखडूस. म्हणाला, "माची जरा जरी हलली, तर वऱ्हाड माघारी!"

पाटाच्या पाण्यानं बागेतली माती लोण्यासारखी मऊ. खांब पुरला की खाली जायचा. शेवटी त्यानं खाली जांभा दगड लागेपर्यंत खणलं आणि पाणी निघून जावं म्हणून नदीची खडी भरली. चोपून चोपून हाताला फोड आले, पण खडी काही बसेना. मदतीला कोण येणार?

शेवंतीला बापाचे हाल बघवेनात. ती पदर खोचून खड्ड्यात उतरली. "बाबा, व्हा बाजूला! एकट्यानं हे बसायचं नाय." तिनं मैत्रिणींना हाक मारली आणि खडीवरच फुगडी धरली. बघता बघता गावातल्या साऱ्या बाया उतरल्या. खडी अशी बसली, की कुदळ मारली तर ठिणगी उडायची, असं म्हणतात. मग धाकलूनं वर चिरे बसवले, चिऱ्यांवर खांब, खांबांवर फळ्या.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि अहो, धरणीच हादरली! कौलं खळाखळा पडली, माड एकमेकांच्या गळ्यात पडले. माचीवर भरवसा नाही म्हणून खालीच उभा राहिलेला मामा टुणकन माचीवर चढला आणि खांबाला मिठी मारून ओरडला, "धाकलू, हलतंय रे!"

"जग हलतंय, मामा. माझी माची नाय हलत!"

ताटातल्या अक्षता सांडल्या नाहीत, समईची ज्योतही सरळ राहिली, असं म्हणतात. शेवंतीच्या गळ्यात माळ पडली तेव्हा कुठे धाकलूचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच बसून ढसाढसा रडला.

आजही पोफळवण्यात घर असो की मांडव, पाया भरला की आधी बायका त्यात फुगडी घालतात. बांधून झालं की गावातल्या सगळ्यात खडूस म्हाताऱ्याला वर चढवतात. तो पाय आपटून विचारतो, "धाकलू, हलतंय काय?"

आणि सारा गाव हसत ओरडतो, "नाय हलत!"