लाल पाण्यातल्या तिसऱ्या

खाडीतले प्राणी एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका उन्हाळ्यात पाणी लाल झालं, तशी तिसरीबाई शिंपल्यातून ओरडली, "पाणी निवळेपर्यंत आम्हाला कुणी खाऊ नका! आमच्या पोटात विष गेलंय."

"वा! आमची जेवायची वेळ झाली की बऱ्या विषारी होता!" बाबल पाणमांजर हसला आणि त्याने दोन तिसऱ्या फोडून खाल्ल्या. थोड्याच वेळात त्याचे ओठ बधिर झाले, जीभ जड पडली.

भुकेल्या बगळेभाऊंनी विचारलं, "काही झालं नाही ना रे?"

बाबल ऐटीत म्हणाला, "मला ताही धालं नाही! तुमीपन था!"

बगळेभाऊंनी उघडलेली चोच हळूच मिटली. "नको रे बाबा, आज माझी एकादशी आहे."

बाबलची जीभ चार दिवसांनी वळली, पाणी पंधरा दिवसांनी निवळलं. तोवर खाडीत रोजच एकादशी होती.