खिंडीतला हॉर्न

एका घाटमाथ्यावर, जंगल संपून रस्ता लागतो तिथल्या कठड्यावर, एक माकडीण पिलाला पोटाशी धरून बसलेली असे. जंगलात राहत असे म्हणवत नाही, कारण जंगल तिने केव्हाच सोडलं होतं. शेजारी खिंडीतल्या देवीचं ठाणं होतं. घाट उतरण्याआधी गाडीवाले तिथे थांबत, हॉर्न वाजवत, नारळ फोडत आणि एक तुकडा तिच्याकडे भिरकावत. हॉर्न ऐकला की तिचा हात आपोआप पुढे येई.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. गाड्या तिकडून गेल्या. खिंडीत आठ-आठ दिवस चाक फिरकेना. माकडिणीच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटत चाललं.

दरीतलं शेकरू वर येऊन म्हणालं, "बाई, खाली उंबर लगडलाय. चार दिवस टिकेल. स्वतःकडे नको, लेकराकडे तरी बघ."

"उद्या येते. आज एखादी गाडी येईल."

"काल आली का?"

"काल नाही. मागच्या आठवड्यात एक आली होती."

"त्या एकीसाठी इतके दिवस बसलीस?"

"एकही आली नसती तर उठले असते रे," माकडीण थकून म्हणाली.

चौथ्या दिवशी मात्र ती उठली. दहा पावलं उतरली असेल नसेल, मागे हॉर्न वाजला. वाट चुकलेला एक ट्रक होता. खोबऱ्याचा बोटभर तुकडा मिळाला. ती परत कठड्यावर बसली. बाळांनो, त्या तुकड्याने पोट भरलं नाही, बसणं तेवढं पक्कं झालं.

दूध पुरतं आटलं तेव्हा कुठे ती दरीत उतरली. उंबराखाली नुसत्या माश्या घोंगावत होत्या. शेकरूने शेंड्यावरचं उरलंसुरलं एक फळ आणून पिलाच्या हातात दिलं. पिलू ते तोंडाला लावणार, तोच वर कुठेतरी हॉर्न वाजला. पिलाने फळ टाकलं आणि हात पुढे केला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

माकडीण त्याला रागवायला वळली. तेव्हा तिला दिसलं, तिचाही हात पुढेच होता.

तात्पर्य : रोज मिळणारं बंद झालं तर माणूस उठतो; अधूनमधून मिळणारं त्याला उठू देत नाही. आणि आपण लावून घेतलेली सवय कडेवरचं लेकरू आपल्या नकळत उचलतं.